रोइंग मशीन: आधी लिव्हर खाली घ्या, मग पाय कामाला लावा

प्रश्न: नमस्कार. वय ५२, सांगलीवाडीत पिठाची गिरणी आहे. तरुणपणी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत आमच्या मंडळाच्या होडीत वल्हं मारलंय. गेल्या वर्षी पोट सुटलं, रक्तदाब थोडा वर निघाला, म्हणून पोरानं एका बंद पडलेल्या जिममधून कॉन्सेप्ट टू कंपनीचं रोइंग मशीन (बसल्या जागी वल्हं मारल्यासारखा व्यायाम होतो ते) आणलं आणि गिरणीमागच्या खोलीत मांडून दिलं. तीन महिने झाले, सकाळी उठल्या उठल्या वीस मिनिटं मारतो. पंख्याच्या बाजूचा लिव्हर १० वर असतो. मिनिटाला ३४ स्ट्रोक, म्हणजे ३४ ओढी पडतात, घाम निथळतो. पण ५०० मीटरचा वेळ २:४५ मिनिटांच्या खाली काही येत नाही. आता कंबर धरते आणि मनगटाच्या वरचे हात भरून येतात. पोरगा म्हणतो, लिव्हर खाली घ्या. मला वाटतं, खाली घेतला तर व्यायाम कसला? नेमकं काय चुकतंय? आणि बायकोलाही करायचंय. वय ४८, साखरेची गोळी चालू आहे. तिच्यासाठी लिव्हर कितीवर ठेवू?
आण्णा, सांगलीवाडी

उत्तर:

आण्णा, नमस्कार. तुमचं पत्र वाचून सगळ्यात आधी कंबरेची काळजी वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दुखणं कमरेतच राहतंय की कुल्ल्यावरून खाली पायात उतरतंय, ते नीट पाहा. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, खोकताना-शिंकताना कळ जात असेल, तर मशीनला हात लावू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसेल आणि नुसती कंबर धरत असेल, तर दहा दिवस मशीन बंद ठेवा आणि रोज अर्धा-पाऊण तास चाला. त्यानंतर खाली लिहिलंय तसं नव्यानं सुरू करा. रक्तदाबाचंही तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, विशेषतः गोळी चालू असेल तर.

‘उठल्या उठल्या’ हे मात्र आजपासून बंद. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. पहिला तासभर कंबरेतून खोल वाकणं त्यांना सोसत नाही, आणि रोइंगमध्ये तर मिनिटाला वीस-तीस वेळा पुढं वाकावं लागतं. आधी गिरणीची झाडलोट करा, चहा घ्या, दोन-चार गिऱ्हाइकांचं दळण काढा, मग बसा. संध्याकाळी गिरणी बंद केल्यावर बसलात तर आणखी उत्तम.

आता लिव्हर. पोराचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्यासारखा विचार करणारे मला पुष्कळ भेटतात, म्हणून याचं कारण जरा सविस्तर सांगतो.

तो लिव्हर वजन वाढवत नाही. पंख्याच्या पिंजऱ्यात किती हवा शिरू द्यायची, एवढंच तो ठरवतो. १० वर ठेवला की हवा भरपूर शिरते, पंख्याला अडते, आणि दोन स्ट्रोकच्या मध्ये पंखा लवकर मंदावतो. म्हणजे पुढच्या स्ट्रोकला तुम्हाला जवळजवळ थांबलेला पंखा पुन्हा हलवावा लागतो. तो भार हळू, जड आणि लांबलचक असतो, आणि पाय नीट लागले नसतील तर थेट कमरेवर येतो. ३ किंवा ४ वर पंखा फिरता राहतो, आणि तुम्हाला तो चपळाईनं पकडून आणखी वेगात न्यावा लागतो. तुम्ही होडीत बसलेला माणूस आहात, तुम्हाला हे लगेच कळेल: १० म्हणजे माणसं आणि पोती भरलेली जड नाव, ४ म्हणजे शर्यतीची हलकी होडी. हलकी होडी पळवायलाही दम लागतोच की.

‘व्यायाम कसला’ याचं उत्तरही त्या पंख्यातच आहे. हवेचा अडथळा वेगाबरोबर वाढतो, आणि तोही भराभर. पंखा दुप्पट वेगानं फिरवायचा तर आठपट ताकद लागते. म्हणून लिव्हर ४ वर असतानाही तुम्ही पायांनी जितका रेटा द्याल तितकं मशीन जड लागतं. शिवाय दोन स्ट्रोकच्या मध्ये पंखा किती मंदावतो हे मशीनवरचा आकडे दाखवणारा पडदा, म्हणजे मॉनिटर, सतत मोजत असतो आणि त्याप्रमाणे हिशेब करतो. लिव्हर खाली आहे म्हणून मीटर फुकट मिळत नाहीत, वर आहे म्हणून जास्तीचे मिळत नाहीत.

या मोजमापाला ड्रॅग फॅक्टर म्हणतात, आणि लिव्हरवरच्या आकड्यापेक्षा भरवसा याच्यावर ठेवायचा. मॉनिटरच्या मुख्य मेनूत ‘मोअर ऑप्शन्स’ आणि त्यात ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’ असं सापडेल. ते उघडा, आठ-दहा स्ट्रोक मारा, आकडा दिसेल. तुमच्यासाठी तो ११० ते १२० च्या दरम्यान हवा. रोइंगच्या शर्यतीत उतरणाऱ्यांपैकी बहुतेकजणही ११० ते १४० मध्येच ठेवतात, त्यामुळं यात कमीपणा काही नाही. स्वच्छ मशीनवर एवढा आकडा साधारण ३ ते ५ वर मिळतो, आणि १० वर तो २०० च्या आसपास किंवा पुढंही जातो.

पण तुमचं मशीन स्वच्छ नसणार, अशी मला दाट शंका आहे. आधी जिममध्ये वापरलेलं, आणि आता गिरणीमागच्या खोलीत! पीठ हवेत तरंगतं, पंखा हवा ओढतो, आणि ते सगळं जाळीत जाऊन बसतं. जाळी बुजली की हवा कमी शिरते आणि ड्रॅग फॅक्टर उतरतो. तुमचा १० म्हणजे कदाचित १४० च असेल. म्हणून साफसफाईच्या आधी लिव्हर ३ वर आणा. हे विसरू नका, कारण जाळी मोकळी झाल्यावर १० वर बसलात तर तोच लिव्हर अचानक कितीतरी जड लागेल, आणि धरलेल्या कमरेला ते महागात पडेल. पोराला पंख्याचं जाळीदार कव्हर उघडायला सांगा, व्हॅक्यूम क्लीनरनं आतलं पीठ-धूळ ओढून घ्या, ओला फडका नको. मग पुन्हा ड्रॅग फॅक्टर बघून लिव्हर लावा. रोजचं काम झालं की मशीनवर जुनी चादर टाकत चला. सीट ज्या पट्टीवर सरकते ती रोज पुसा. साखळीला दर ५० तासांच्या वापरानंतर तेल लागतं. तुमचेच तीस तास झालेत आणि जिमचे किती ते देव जाणे, तेव्हा आत्ताच द्या: शिवणयंत्राचं तेल फडक्यावर घेऊन साखळीवरून फिरवायचं आणि जादाचं पुसून टाकायचं. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका.

आता खरा मुद्दा. तुमची कंबर आणि तुमचे हात जे सांगताहेत त्याचं मूळ, मला वाटतं, तुमच्या जुन्या सवयीत आहे.

शर्यतीच्या होडीत तुम्ही पुढं तोंड करून बसायचा. बैठक जागची हलत नाही, वल्हं दोन्ही हातांत मोकळं, आणि पाणी मागं सारायचं ते खांद्यांनी, पाठीनं, दंडांनी. तिथं ते बरोबरच आहे, आणि ३४ काय, त्याहून जास्त वल्ही मिनिटाला पडतात. या मशीनची नक्कल मात्र वेगळ्या नावेची आहे. त्या नावेत माणूस पाठमोरा बसतो, बैठक चाकांवर सरकते आणि वल्हं नावेला अडकवलेलं असतं. बैठक सरकती ठेवलीय ती पाय वापरता यावेत म्हणूनच. प्रशिक्षक ढोबळमानानं सांगतात की जोरातला ६० टक्के वाटा पायांचा, उरलेला धड आणि हातांचा. तुम्ही नदीवरचं हातवल्हं खोलीतल्या मशीनवर मारताय. म्हणून हात भरून येतात आणि मांड्या ताज्या राहतात. मांड्या दुखतात असं तुम्ही पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, ते वाचूनच मला हे सुचलं.

या प्रकारात नदीकाठी वाढलेल्याला आणि न वाढलेल्याला शिकणं सारखंच नवं असतं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ दुष्काळी भागातला. सैन्यात भरती झाल्यावर, वयाची विशी ओलांडल्यावर तो रोइंग शिकला, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये चौघांच्या नावेत सुवर्णपदक घेऊन आला. तेव्हा जुनं थोडं बाजूला ठेवून नव्यानं शिकायला तुम्हाला काही अडचण नाही.

स्ट्रोकचा क्रम असा. पुढं आलात की नडग्या जवळजवळ उभ्या, हात सरळ, खांदे कमरेच्या किंचित पुढं. पाठ गोल नको. वाकायचं ते कुल्ल्याच्या सांध्यातून, पोटाचा भाग चेपून नाही. तिथून पायांनी फूटरेस्ट रेटा. फक्त पाय. हात सरळच, धड अजून पुढं कललेलं. पाय बरेचसे सरळ झाले की धड मागं घ्या, खांदे कमरेच्या थोडे मागं जातील एवढंच. मग हात, आणि हँडल छातीच्या खाली, बरगड्या संपतात तिथं. परत जाताना सगळं उलट: आधी हात सरळ, मग धड पुढं, आणि हँडल गुडघ्यांच्या पुढं गेल्यावरच गुडघे मुडपायचे. हँडल गुडघ्यांवरून उचलून न्यावं लागत असेल तर गुडघे घाईनं वर आलेत, असं समजा.

‘पाय आधी’ सांगितलं की माणसं दुसऱ्या टोकाला जातात. पाय झटक्यात सरळ होतात, सीट मागं पळते आणि हँडल जागचं हलतच नाही. मग वाकलेल्या पाठीनं सगळं ओढावं लागतं. कमरेला याहून वाईट काही नाही. म्हणून रेट्याच्या पहिल्या भागात सीट आणि हँडल सारख्याच वेगानं मागं गेली पाहिजेत. त्यासाठी पाय रेटताना पोट आणि पाठ ताठ ठेवायची, आखडून नाही, पण ढिलीही नाही.

हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. पोराला सांगा, मोबाईल स्टुलावर सीटच्या उंचीला ठेवून बाजूनं दहा स्ट्रोकचा व्हिडिओ काढ. मग तो हळू करून बघा. हँडल सरळ रेषेत जातंय का वर-खाली, कोपर पाय सरळ व्हायच्या आधीच वाकतंय का, सीट एकटीच पळतेय का. माझा अंदाज आहे की कोपराचं पहिल्याच स्ट्रोकला दिसेल.

सवय मोडायला पहिले दोन आठवडे असं करा. सुरुवातीला पाच मिनिटं नुसते पाय: हात सरळ, धड पुढं कललेलं, फक्त पायांचा रेटा आणि परत. ओढायचंच नाही. मांड्या भरून आल्या की समजा जागा सापडली. त्यानंतर पाय आणि धड, हात तसेच सरळ. शेवटी हात जोडा. आणि पायांचे पट्टे सोडून मारायला शिका. पट्टे नसले की शेवटी फार मागं झोपलात तर पाय फूटरेस्टवरून सुटतात आणि तोल जातो, त्यामुळं किती मागं जायचं ते शरीर आपोआप शिकतं. हे हळूच करा, जोरात नाही. मला स्वतःला पट्ट्यांशिवायचा सराव सगळ्यात उपयोगी वाटतो, आणि नेमका तोच सगळे टाळतात.

पकड सैल करा. बोटांचा आकडा करून हँडल त्यात अडकवायचं, अंगठा खालून नुसता टेकलेला, मनगट सपाट. आवळून धरलं की मनगटाच्या वरचे स्नायू सतत ताणलेले राहतात, तुमचे हात भरतात ते त्यामुळंच. पायांचा पट्टा चवड्यावरून, बोटांच्या मुळाशी यायला हवा. पोट मध्ये येत असेल आणि पुढं वाकताना कंबर गोल होत असेल, तर फूटरेस्टमधली टाचेची पट्टी एक-दोन भोकं खाली घ्या. पाय खाली आले की कुल्ल्याला वाकायला जागा मिळते. एवढ्या लहानशा बदलानं पुष्कळांची कंबर शांत झालेली मी पाहिलीय. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीला आणा, म्हणजे मान खाली जाणार नाही.

आणि श्वास कोंडू नका. रेटताना सोडा, परत जाताना घ्या. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणाला उसळी मारतो, आणि तुमच्या बाबतीत ते नकोच.

आता तुमचा २:४५. मिनिटाला ३४ स्ट्रोकनं ५०० मीटरला २:४५ म्हणजे साधारण ९३ स्ट्रोक. एका स्ट्रोकला सव्वापाच-साडेपाच मीटर. मॉनिटरवर त्या वेगाची ताकद दिसेल जवळपास ७८ वॅट. हाच २:४५ मिनिटाला २२ स्ट्रोकनं काढून बघा: साठ स्ट्रोक लागतील आणि एका स्ट्रोकला आठ मीटरहून जास्त जाल. वेग तोच, पण प्रत्येक रेटा दीडपट मोठा. तुम्ही सध्या धावपळ करताय, पण एकेका स्ट्रोकमध्ये फार काही नाही. पुढचे सहा आठवडे घड्याळाकडं न बघता फक्त हेच वाढवायचं.

परत जाण्याचा वेळ रेट्याच्या दुप्पट ठेवा. २० च्या गतीला, म्हणजे मिनिटाला २० स्ट्रोक मारताना, एका स्ट्रोकला तीन सेकंद मिळतात: रेट्याला एक, परतीला दोन. मनात मोजा, ‘रेटा… दोन, तीन’. ३४ ला दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत, मग पुढं येताना माणूस पायांवर आदळतो आणि पाठ गोल होते. सुरुवातीला २० ची गती कंटाळवाणी वाटेल, हात शिवशिवतील. तरी धरून राहा.

आठवड्यातून चार दिवस पुरे, रोज नको. कंबर बरी झाल्यावर पहिले दोन आठवडे दहा-बारा मिनिटं, वर सांगितलेल्या सरावासकट. पुढं पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे, मध्ये दोन मिनिटं उठून फिरायचं. त्यानंतर सलग वीस मिनिटं, २० ते २२ च्या गतीनं, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच दमानं. सहा आठवड्यांनंतर एखाद्या दिवशी चार मिनिटं २६ च्या गतीनं मारा आणि वेळ बघा. २:३५ च्या आत आलात तर मला नवल वाटणार नाही. फक्त एक लक्षात असू द्या, ताकदीचं गणित इथंही तेच आहे: २:४५ ला ७८ वॅट लागतात, २:३० ला १०४, २:१५ ला १४२. पुढचा प्रत्येक सेकंद आधीच्यापेक्षा महाग. म्हणून वेळ हळू उतरतोय म्हणून लिव्हर पुन्हा वर नेऊ नका.

आता वहिनींचं. त्यांच्यासाठी ड्रॅग फॅक्टर ९० ते १०० ठेवा, लिव्हर बहुधा २ किंवा ३ वर येईल. तुमच्यानंतर त्या बसणार असतील तर लिव्हर आणि टाचेची पट्टी दोन्ही बदलायला विसरायचं नाही. पाच मिनिटांपासून सुरुवात, १८ ते २० ची गती. शिकताना क्रम तोच, आणि त्यांना जुनी सवय मोडायची नसल्यानं त्या तुमच्या आधी शिकतील असं मला वाटतं.

साखरेच्या गोळ्या निरनिराळ्या असतात. काहींच्या जोडीला व्यायाम केला की साखर एकदम उतरू शकते. त्यांची कोणती आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि निदान पहिले काही दिवस सुरू करण्याआधी आणि झाल्यावर साखर मोजा. उपाशीपोटी बसू नये. गूळ-साखर किंवा ग्लुकोजची पुडी मशीनजवळच्या फळीवर ठेवा. हात थरथरले, दरदरून वेगळाच घाम आला, डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच थांबून ती खायची. आणि अनवाणी कधीच नाही. पट्टा आणि टाचेची पट्टी घासून फोड येऊ शकतो, आणि जुन्या मधुमेहात पावलं थोडी बधिर असतील तर तो कळतही नाही. सुती मोजे आणि घट्ट बसणारे बूट घालायला सांगा, आणि उतरल्यावर रोज दोन्ही पावलं तळव्यांपासून टाचांपर्यंत उजेडात बघायची. त्यांना वाकून दिसत नसेल तर ते तुम्ही बघा.